एकतीस, उणे दहा, नऊ

मान वर करून सांगावं असं माझ्या आयुष्यात फार थोडं आहे, तरी सांगायला बसले आहे. मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानांची, समासाला लाल रेघ असलेली, शिवणीत जराशी सैल झालेली. माझ्यात विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचं रेषीय बीजगणित लिहिलेलं आहे. नाव भारदस्त असलं तरी घाबरू नका. तीन समीकरणं असतात, त्यांत तीन अज्ञात संख्या लपून बसलेल्या असतात. त्या समीकरणांतले आकडे ओळींत आणि स्तंभांत मांडायचे, भोवती मोठे कंस घालायचे, की झाली मॅट्रिक्स. मग एका ओळीतून दुसरी वजा करत करत त्या लपलेल्या संख्यांना बाहेर यायला लावायचं. शांत डोक्याने केलं तर मोठं सुंदर काम आहे.

माझा जन्म कारखान्यातला. कागद कापला, दुमडला, दोऱ्याने शिवला, की माझ्यासारख्या हजार बहिणी एकदम जन्माला येतात. पुढे कोणाच्या अंगावर काय लिहिलं जाईल ते देवाला ठाऊक. मला एका मुलीने विकत घेतलं. दुकानातच तिने माझं मधलं पान उघडून वास घेतला आणि हसली. तिचं अक्षर असं, की मला स्वतःचा हेवा वाटावा. निळ्या शाईत गणित, आणि उत्तर पडताळून पाहिलं की शेजारी हिरव्या शाईत बरोबरची खूण.

ही पडताळणी म्हणजे तिचं व्रतच होतं. आलेलं उत्तर मूळच्या तिन्ही समीकरणांत परत घालून बघायचं. तिन्ही जुळली तरच हिरवी शाई. ते तिने एकदाच मोडलं, आणि ते माझ्याच अंगावर.

सराव यादीतलं तेविसावं गणित होतं. तिसऱ्या ओळीतून पहिल्या ओळीची दुप्पट वजा करायची होती. तिथे चारातून उणे दोन वजा करायचे होते. उणे वजा केलं की वाढतं, म्हणजे सहा. पण दारात मैत्रिणी उभ्या होत्या, एकजण म्हणत होती, "चल ना गं, सगळे खोळंबलेत." तिने सहाच्या जागी दोन लिहिला. पुढचं सगळं बिनचूक केलं आणि उत्तर आलं एकतीस, उणे दहा, नऊ. पहिल्या समीकरणात घातलं, बसलं. दुसऱ्यात घातलं, तिथेही बसलं. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा तिने पिशवी खांद्याला लावली होती. हिरवी खूण केली, मला मिटलं आणि धावली.

त्या वर्षी ती विद्यापीठात पहिली आली. पुढच्या शिक्षणाला दुसऱ्या शहरात जाताना तिने मला खालच्या वर्गातल्या एका मुलीच्या हाती दिलं. तिथून माझे मानाचे दिवस सुरू झाले.

दरवर्षी मी नव्या हातात जायचे. लोक मला 'पहिल्या नंबराची वही' म्हणायचे. जिच्याकडे जाईन ती जुनं कव्हर न काढता वरून नवं चढवायची. मूळच्या पुठ्ठ्यावर मालकिणीचं नाव होतं ते त्यात गडप झालं, आणि पुढे मी कोणाची हे कोणालाच माहीत राहिलं नाही. शिवाय एक नियम पडला होता, कोणी केला कुणास ठाऊक, पण सगळे पाळायचे. माझ्यात कोणी काही लिहायचं नाही. वाचायचं, उतरवायचं, पाठ करायचं, पण पेन लावायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं. तिथल्या काकांनी माझ्या इतक्या प्रती काढल्या, की ते म्हणायचे, "मलाच बसू द्या परीक्षेला. हिचं पान न् पान पाठ झालंय."

आता तुम्ही विचाराल, अगं, तुला माहीत नव्हतं का? माहीत होतं, मित्रांनो. आपल्या अंगावर काय लिहिलंय ते पानाला कळतं. एकोणसाठाव्या पानावर माझ्या पोटात खोट होती आणि मी बाहेरून स्तुती ऐकत होते. नवं कव्हर चढलं की सुखावत होते. वहीला तोंड नसतं हे खरं. पण तोंड असतं तर मी बोलले असते का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

आठव्या वर्षी मी दुबारच्या हाती आले. एकदा याच विषयात नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसलेली ती मुलगी. वर्ग तिला दुबारबाई म्हणायचा. "दुबारबाई, तुम्ही इथल्या जुन्या रहिवासी, आम्हाला संडास कुठे ते दाखवा," असली थट्टा. ती हसून घ्यायची. तिचे वडील बसवर कंडक्टर होते आणि घरात विद्यापीठाची पायरी चढलेली ही पहिलीच. या वेळीही नापास झाली तर नियमाप्रमाणे नाव कमी होणार होतं. घरी तिने हे सांगितलं नव्हतं. वाचनालयात मला उघडण्याआधी ती दरवेळी रुमालाने हात पुसायची.

आणि मित्रांनो, आठ वर्षांत तिसरं समीकरण करून बघणारी ती एकटीच निघाली. हळू होती, पण पायरी गाळत नव्हती. एकतीसची दुप्पट बासष्ट, त्यातून चाळीस गेले, मग छत्तीस मिळवले, झाले अठ्ठावन्न. यायला हवे होते बावीस. तिने तीनदा केलं. तीनदा अठ्ठावन्न. मग नियम विसरून तिने पेन्सिलीने हिरव्या खुणेशेजारी अगदी बारीक अठ्ठावन्न लिहिले. मला वाटलं, सुटले. देवाने कोणाला तरी पाठवलं.

शेजारच्या मुलीला तिने ते दाखवलं. ती मुलगी हसून म्हणाली, "आठ वर्षं सगळ्यांचं बरोबर आणि तुमचंच वेगळं, दुबारबाई?"

दुबारने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, हिरव्या खुणेकडे पाहिलं, आणि रबर काढलं. खोडून झाल्यावर फुंकर मारून कण उडवले, आणि ते गणित जसंच्या तसं पाठ करायला घेतलं. मी गप्प होते. त्या फुंकरेची आठवण झाली की आजही माझी पानं आपोआप मिटतात.

परीक्षेत नेमकं तेच गणित आलं. ते घालणाऱ्या मॅडम दोन वर्षांपूर्वी विभागात रुजू झाल्या होत्या. प्रश्नपत्रिका काढताना त्यांनी यादीतलं तेविसावं गणित नव्याने सोडवलं होतं आणि उत्तर आलं होतं एक, दोन, तीन. इतकं देखणं उत्तर पाहून त्यांनी ते ठेवलं. हे सगळं मला नंतर कळलं. उत्तरपत्रिका तपासताना चौदा जणांचं उत्तर एकतीस, उणे दहा, नऊ निघालं. एकच चूक, त्याच ओळीत, चौदा वेळा.

शुक्रवारी दुपारी विभागप्रमुख सरांनी चौदाही जणांना खोलीत बोलावलं. लांब टेबल, त्यावर उत्तरपत्रिका पसरलेल्या, सरांच्या उजव्या हाताला मॅडम. सामूहिक कॉपीचं प्रकरण होतं आणि सगळ्यांत वाईट होती दुबारची उत्तरपत्रिका. तिथे आधी सहा लिहून, मग त्यावर काट मारून दोन केले होते.

"शेजारच्यांचं दिसल्यावर बदललंत ना?" सरांनी विचारलं.

"नाही सर. सहा माझे होते. दोन वहीतले." एवढं बोलून तिने पिशवीतून मला काढलं आणि एकोणसाठावं पान उघडून टेबलावर ठेवलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. मित्रांनो, मधली आठ वर्षं गेली होती, चष्मा आला होता, पण पान दाबून धरण्याची ती बोटं मी कशी विसरेन? माझी मालकीण माझ्यासमोर बसली होती.

सर वाईट नव्हते. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं. म्हणाले, वहीवर नाव नाही, गाव नाही. शिवण सैल आहे. प्रकरण उघडकीला आल्यावर एखादं पान लिहून मध्ये घातलं नसेल कशावरून? "मालकाला आणा. मी प्रकरण इथेच मिटवतो. नाहीतर सोमवारी शिस्त समितीकडे जाईल." आणि कॉपी ठरली की पेपर रद्द, म्हणजे दुबारचं विद्यापीठच संपलं.

मालकीण त्यांच्या कोपरापाशी बसली होती. वही आपली आहे हे तिने सांगितलं नाही. तिची नेमणूक त्याच महिन्यात कायम व्हायची होती आणि सर तिचे जुने शिक्षक. भर वर्गात ते तिचं उदाहरण द्यायचे. ती स्वतः रोज फळ्यावर लिहायची, उत्तर तिन्ही समीकरणांत घालून पाहा. तिने फक्त हात पुढे केला आणि मला हळूच पालथं घातलं. "मी तपासून बघते, सर," म्हणाली आणि मला पर्समध्ये ठेवलं. पर्सच्या अंधारात पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं, की ही नि मी एकाच जातीच्या.

घरी तिची आई खिडकीपाशी बसून ब्लाउजला हुक लावत होती. लेकीने मला काढून उघडताच अक्षर ओळखून म्हणाली, "अगं, ही तर तुझी वही. हिला एवढे कपडे कोणी घातले?"

मालकीण तिथेच जमिनीवर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मैत्रिणी, पिशवी, हिरवी खूण, सर, काट मारलेले सहा. मग म्हणाली, लोक काय म्हणतील, आई? पहिल्या नंबराच्या बाईला वजाबाकी येत नाही?

आईने दोरा दाताने तोडला. "चूक आठ वर्षांपूर्वीची आहे गं. गप्प बसलीस ते आजचं."

मालकिणीने माझी कव्हरं काढायला घेतली. तपकिरी, निळं, जुन्या कॅलेंडरचं, पुन्हा तपकिरी. एकेक निघत गेलं तशी मला उघडं पडल्याची लाज वाटत होती आणि हलकंही वाटत होतं. आठव्याखाली तिचं नाव निघालं, शेवटच्या अक्षराला दिमाखदार शेपूट काढलेलं. ते शेपूट बघून तिने डोळे मिटून घेतले. मग एकोणसाठावं पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. हिरव्या खुणेशेजारी पेन्सिलीचा दाब कागदात राहिला होता. अठ्ठावन्न. तिने मनातल्या मनात तिसरं समीकरण केलं. ओठ हलताना मला दिसले.

"आई, त्या मुलीला सापडलं होतं," ती म्हणाली. "आणि माझी खूण बघून तिने खोडलं."

सोमवारी चौदाही जण भिंतीला टेकून उभे होते. मालकिणीने मला सरांपुढे ठेवलं, नाव वर करून. "सर, ही वही माझी आहे. हे दोन मी लिहिलेत. तिसरं समीकरण मी तपासलं नव्हतं. आणि शुक्रवारी ओळखलं होतं, तरी बोलले नाही."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समितीला लिहिलेल्या कागदाचे फाडून चार तुकडे केले आणि एवढंच म्हणाले, की हे शुक्रवारी ऐकायला मिळालं असतं तर या मुलांचे तीन दिवस वाचले असते. मालकिणीने मान हलवली.

मग ती दुबारकडे वळली. "तुझे सहा बरोबर होते."

मला वाटलं होतं पोरगी हसेल. ती हसली नाही. पायाच्या अंगठ्याकडे बघत हळूच म्हणाली, "मग मी खोडले कशाला, मॅडम?" वाचनालयातली ती शेजारीण भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

खोडलेल्याला गुण नसतात. त्या गणितात कोणालाच काही मिळालं नाही. दुबार बाकीच्या प्रश्नांवर पास झाली, काठावर, दोन गुणांनी. मालकिणीने वर्गात मला हातात घेऊन सगळी हकिगत सांगितली, आपलं नाव न लपवता. मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं, तिने हसू दिलं. नेमणूक कायम होणं वर्षभर लांबलं, तेही तिने सोसलं. एकोणसाठाव्या पानावर आता लाल शाईत सहा आहेत. ते मी दुबारच्या अक्षरात मिरवते, कारण मालकिणीने पेन तिच्या हातात दिलं होतं.

पण माझं ओझं उतरलं असं समजू नका. त्याच आठवड्यात मालकीण झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि एकूण किती प्रती गेल्या ते विचारलं. काका कान खाजवत म्हणाले, "ते कोण मोजतं, मॅडम?" म्हणजे अजूनही कुठेतरी, कोणाच्या तरी पेटीत, कोणाच्या फडताळात माझं ते पान पडलेलं असेल. कोणी त्यावरून धाकट्या भावाला शिकवत असेल. कदाचित कोणी फळ्यापुढे उभं राहून वर्गाला शिकवतही असेल. त्यांना हाक मारायला मला आवाज नाही, त्यांचा पत्ता नाही.

म्हणून तुमच्यापुढे हात जोडते, मित्रांनो. माझी एखादी प्रत तुमच्या हाती लागली, तर तिला जपून ठेवू नका. पेन्सिल घेऊन बसा. आणि तुमच्यातलं कोणी हळू चालणारं पोर येऊन म्हणालं, की माझं उत्तर वेगळं येतंय, तर हसण्याआधी त्याच्या शेजारी बसून एकदा स्वतः करून बघा. मला ठाऊक असून मी गप्प राहिले, आणि त्या पोरीने फुंकर मारून उडवलेले कण मला आता कुठून गोळा करता येणार?