निळ्या जोडीचं पांढरं पिल्लू

ब्राह्मणपाऱ्यातल्या रूपालीच्या सासरच्या अंगणात मी धापा टाकत शिरले तेव्हा शंभरेक माणसं जमली होती. गच्चीवर बाया, भिंतीवर पोट्टे, आणि मधोमध माझी धाकटी बहीण रूपाली. केस मोकळे सुटलेले. तिच्यापुढे शेगडीत लोखंडी सळई तापत ठेवलेली.

"ताई, मले घेऊन चाल," एवढंच ती म्हणाली. माझ्या मागे दोघांनी फाटक लावलं आणि माझ्या हातातला मोबाईल काढून घेतला.

कबूतरवाला बाबा पितळी ताट उंच धरून फिरत होता. ताटात दोन आठवड्यांचं, नुकती पिसं फुटलेलं कबुतराचं पिल्लू. बाबाच्या खांद्यावर भलामोठा पांढरा नर बसलेला. त्याला तो 'महाराज' म्हणायचा.

"देखो, भाई-बहनों! बाप निळा, माय निळी, अन् पिल्लू? कफनासारखं पांढरं! जोडी देतानाच बोललो होतो का नाही? घरात टोनही असली का पिल्लाचा रंग उडते!"

"हव, बाबा, हव!" गर्दी ओरडली.

टोनही म्हणजे चेटकीण. आमच्या छत्तीसगडात हा शब्द एकदा बाईला चिकटला की तिचं काही खरं नसतं. कायद्यानं कुणाला टोनही म्हणणं गुन्हा आहे, पण त्या अंगणात कायदा कुठे दिसत होता?

झालं असं होतं. पाच महिन्यांपूर्वी रूपालीच्या जावेच्या तान्ह्याला ताप आला, उतरायचा अन् परत यायचा. घरात टोनही आहे का ते कळावं म्हणून सासूबाई मीराबाईंनी बाबाकडून निळ्या कबुतरांची जोडी आणली. दोन खेपांना पिल्लं निळीच निघाली. तिसऱ्या खेपेला हे पांढरं. जोडीला दाणे घालायची रूपाली. मग काय, ठरलं! आता सळईनं तिचा तळहात डागायचा. भाजला नाही तर ती निर्दोष. वा रे न्याय! तिचा नवरा रेल्वेत, ड्युटीवर बिलासपूरला.

मी दहावीला विज्ञान शिकवते. वर्गात माझी जीभ कात्रीसारखी चालते. इथे मात्र मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू! सळईचं टोक लाल व्हायला लागलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी माझा पदर ओढला. शेजारची प्रेमला, शिवणकाम करणारी.

"दीदी," ती माझ्या कानाशी लागली, "आमच्या घरी बी पांढरंच निघालं होतं, दिवाळीत. आमच्या वहिनीले डागलं."

"अन् तू आता सांगून राहिली? गप्प काहून बसली होती?"

"बाबांनी शपथ घातली होती ना. जोडीचं कोणापाशी बोललं तर लेकरू दगावते."

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. प्रत्येक घराला वाटत होतं, पांढरं पिल्लू फक्त आपल्याच घरी निघालं! शपथेच्या भीतीनं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

मी पुढे झाले, हात जोडले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "बाबा, या जोड्या बाजारातल्या का हो?"

"बाजारातल्या?" बाबा फुगला. "खरी औलाद आहे! नर असो का मादी, सगळी या महाराजाची लेकरं. एकही बाहेरचं नाही!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" आता माझा आवाज चढला. "मग सांगा, आणखी कोणाच्या घरी पांढरं पिल्लू निघालं?"

बाया पोरांना छातीशी धरून उभ्या. मग प्रेमलाचा हात वर आला. मागून एक म्हातारा बोलला, "आमच्या घरी बी." गच्चीवरून एक बाई रडतच म्हणाली, "आमच्याकडे दोनदा."

"नास्तिक बाई!" बाबा किंचाळला. "बोलू नका! लेकरू मरेल!"

जावेच्या मांडीवरचं तान्हं नेमकं तेव्हाच टाहो फोडून रडलं. सगळे तान्ह्याकडे वळले, मीही. पण मी थांबले नाही.

"रंगाचे दोन वाटे असतात, एक बापाकडून, एक आईकडून. या महाराजाला निळ्या माद्या लावल्या. पिल्लं झाली निळी, कारण निळ्याचा एक वाटा असला तरी पिसं निळीच दिसतात. बापाचा पांढरा वाटा आत लपून राहतो. अशी दोन लेकरं बाबानं जोडीला लावली. आता चारात एखाद्या पिल्लाला दोन्हीकडून पांढरा वाटा मिळतो. ते पांढरं निघतं. तुमच्या घरात नाही का, माय-बापाचे डोळे काळे अन् पोट्टीचे आजीसारखे घारे? एका खेपेला दोन अंडी. यावेळी नाही तर पुढच्या वेळी. बाबाला फक्त वाट पाहायची होती!"

"झूठ! ये टोनही की बहन है!" बाबा सळईकडे धावला.

मीराबाई उठल्या. आता या स्वतःच रूपालीचा हात पुढे धरतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी नळाखालची बादली उचलली आणि अख्खी शेगडीवर ओतली.

"प्रेमलाच्या घरी माझ्या सुनेनं कधी पाय ठेवला होता रे?" त्या बाबाला म्हणाल्या. "तिथं कोणी रंग उडवला?"

बाबा फाटकाकडे सटकत होता, पण ज्यांनी ते लावलं होतं त्यांनीच त्याला धरून ठेवलं. माझा मोबाईल परत मिळाला, मी पोलिसांना बोलावलं. तान्ह्याला आम्ही त्याच दुपारी डॉक्टरकडे नेलं. लघवीत जंतू होते. औषधानं ताप उतरला.

संध्याकाळी रूपालीला घेऊन निघताना प्रेमला आपल्या घराच्या दारात बसलेली दिसली.

"दीदी, वहिनीचा हात मीच धरून ठेवला होता. ती म्हणे, सोड. मी नाही सोडला."

तिच्या वहिनीची उजव्या हाताची मूठ अजून मिटत नाही.

म्हणून सांगते, भीती वाटली तर वाटू द्या, मलाही वाटली. पण कुणी म्हणालं की हे कोणाला सांगू नका, तर आधी शेजारच्या घरी जा आणि विचारा, "तुमच्याकडे काय निघालं?"