जिवंत माणसाचा टाक

मित्रांनो, मी एक जुना टाक आहे. तुमच्यापैकी काहींच्या देव्हाऱ्यात माझे भाऊबंद असतील. तळहातावर मावणारा चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर ठशाने उठवलेली आकृती. कुणावर खंडोबा असतो, कुणावर देवी. माझ्यावर घोडेस्वार आहे, कारण मी वीराचा टाक आहे. घरातला कुणी अकाली गेला, की त्याचा असा टाक करून देवांत बसवतात. गेलेला माणूस त्यात येऊन राहतो, असं मोठी माणसं सांगतात.

मला नाशिकच्या सराफ बाजारात एका सोनाराने ठोकून काढलं. ज्याच्यासाठी मी घडलो, त्या भिकन कातकाड्याकडे उभ्या जन्मात घोडा नव्हता की तलवार नव्हती. तो सिन्नरकडचा गवंडी. त्याच्याजवळ एक थापी आणि एक ओळंबा, बस्स. पण सोनाराकडे वीराचा ठसा एकच होता, त्याला तो तरी काय करणार!

एका दुष्काळी साली भिकन काम शोधायला मुंबईला गेला. घरी तरणी बायको कुसाबाई आणि रांगता मुलगा होता. भिकन परत आला नाही. कुणी म्हणालं, पटकीने गेला. कुणी म्हणालं, बोटीवर चढताना पाहिला. अशा बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, अशी रीत होती. बारा वर्षं सरली तेव्हा भाऊबंदांनी पळसाच्या पानांचा माणूस केला, त्याला अग्नी दिला आणि कुसाबाईचं कुंकू पुसलं. "ते गेल्यालं नाय, गेलं असतं तर मला कळलं असतं," असं ती सांगत राहिली. तिचं कोण ऐकतो? लगेच मला घडवून देवांत बसवलं.

मी मोठ्या आशेने वाट पाहू लागलो. शेजारचे टाक भरलेले होते. दुपारी घर शांत झालं, की त्यांच्यातली जुनी माणसं आपसात कुजबुजत. माझ्यात मात्र कुणी आलंच नाही. वर्षामागून वर्षं गेली, तरी मी रिकामाच होतो.

आमच्या नाशिकला धुलिवंदनाला वीर निघतात. त्या दिवशी गावाहून मला तिथे आणायचे, खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचे, लाल फडक्यात गुंडाळायचे, आणि घरातला एखादा पुरुष मला छातीशी धरून हलगीच्या तालावर नाचत गंगेवर न्यायचा. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. नाचता नाचता त्याच्या अंगात वारं यायचं. बाया पाया पडायच्या, "भिकनबाबा, लेकरांना सांभाळ" म्हणायच्या. ते वारं कुणाचं होतं, देव जाणे. माझ्यातून तर कुणी बाहेर पडलं नव्हतं. त्या गर्दीत मला धास्ती वाटायची, की आत्ता कुणीतरी फडकं सोडेल आणि ओरडेल, अरे, इथे तर कुणीच नाही!

हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं, कुसाबाईलाही. रोज सकाळी ती मला चिंच लावून घासायची, पुसायची आणि कुंकू लावायची. तिचं स्वतःचं कपाळ कोरं असायचं. मग मला तोंडाजवळ धरून ती हळूच विचारायची, "कुठं हाये तुमी?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. तरी पार म्हातारी होईपर्यंत तिने विचारणं सोडलं नाही. घासून घासून माझ्या स्वाराचं तोंड सपाट झालं. नवी नातसून सरुबाई घरात आली, तेव्हा कुसाबाईने तिला मला घासायला शिकवलं आणि आपलं हे विचारणंही तिच्यापासून लपवलं नाही. पुढे एका हिवाळ्यात कुसाबाई गेली.

आता विचारणारं कुणी नाही, असं मला वाटलं. पण मित्रांनो, तिचा आवाज थांबला नाही. तो माझ्या आतून येऊ लागला. "कुठं हाये तुमी?" घर गावातून शहरात आलं, देव्हारा जाऊन भिंतीवरचं लहानसं कपाट आलं, मी कापराच्या वड्यांबरोबर स्टीलच्या डबीत पडलो. त्या अंधारातही ती विचारत होती. मला तिची कीव यायची आणि भीतीही वाटायची.

सरुबाईचा मुलगा संतोष अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. यंदा त्याच्या डोक्यात आलं, की साऱ्या कातकाड्यांना धुलिवंदनाला एकत्र आणायचं. व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, मंगल कार्यालय ठरलं, वंशावळीचा भला मोठा फ्लेक्स छापायला गेला. भिकनच्या नावापुढे काय लिहायचं, हे तो फेसबुकवर विचारत होता, आणि थेट मॉरिशसहून उत्तर आलं. लिहिणारीचं नाव देवकी भिकन. तिकडे पहिल्या आलेल्या माणसाचं नावच पुढच्यांचं आडनाव झालं होतं. तिचे आजोबा सिन्नरकडचे गवंडी, बोटीने आलेले. त्यांनी तिकडे लग्न केलं, घरं बांधली आणि नातवंडं खेळवून म्हातारपणी डोळे मिटले.

देवकी धुलिवंदनाला आली. साठीची बाई, शाळेत शिकलेलं मराठी जपून बोलणारी. सगळे तिच्याभोवती जमले, फोटो निघाले. मग सरुबाईने तिला जवळ बसवून विचारलं, "आमच्या कुसाआजीचं नाव काढायचे का गं ते?"

देवकीने मान खाली घातली. "नाही, वहिनी. माझे वडील सांगायचे, आजोबा म्हणत, मागे कोणी नाही."

मग संतोष हळूच म्हणाला, "आई, जिवंत माणसाला वीर करून नाचवलं आपण. दोष लागतो म्हणतात. हा टाक यंदा गंगेत सोडून देऊ."

"सोडू नका, मला द्या," देवकी म्हणाली. "आमच्याकडे आजोबांचं काहीच नाही."

नदीच्या तळाशी काय, समुद्रापार काय, कुसाबाईचं विचारणं माझ्याबरोबर येणार होतं, आणि तिला उत्तर देणारं तिथे कुणीही नसणार होतं.

सरुबाईने मला उचललं. "ह्यो त्यांचा नाय," ती म्हणाली. "ते ह्याच्यात कवाच आले नाय. ज्या बाईनं ह्याला जन्मभर घासला, तिचा हाय ह्यो. आज मी नेणार."

"बायांनी वीर नाचवायचा नसतो, काकू," कुणीतरी बोललं.

"नाचतंय कोण? मी नुसती चालते."

ऐंशी ओलांडलेली ती बाई मला छातीशी धरून गंगेवर निघाली, आणि देवकीने तिचा दंड धरला. दोन्ही बाजूंनी इतर घरांचे वीर नाचत चालले होते, हलग्या कडाडत होत्या. सरुबाई पाण्यात उतरली, तिने फडकं सोडलं आणि मला ओंजळीत बुडवलं. मग कुसाबाई धरायची तसंच तोंडाजवळ धरलं.

"आजी, सापडले बघा," ती म्हणाली. "तिकडं समुद्रापल्याड व्हते. तुमचंच खरं व्हतं, ते गेल्याले नव्हते. लेकरंबाळं झाली, म्हातारे होऊन गेले." तिने देवकीकडे बघितलं. मग रडत रडतच म्हणाली, "तुमचं नाव घेतलं नाय त्यांनी, आजी. खोटं कशाला सांगू?"

देवकी पुढे झाली. तिने माझ्यावर हात ठेवला आणि मान खाली घालून म्हणाली, "त्यांच्या वतीने मी क्षमा मागते."

तेव्हापासून माझ्या आत शांत आहे. मी पुन्हा सरुबाईच्या घरी आहे, डबीत नाही, देवांत. इतकी वर्षं त्या आवाजाला मी भीत होतो, आणि आता मला त्याची आठवण येते.

मित्रांनो, आम्हा टाकांना घासा, पण बेताने घासा, आमची तोंडं जातात. आपल्या घराण्याची माणसं जरूर शोधा. कोण कुठे गेला, हे विचाराल, तेव्हा त्याच्यासाठी घरी कोण थांबलं होतं, हेही विचारा. आणि जे कळेल ते थांबलेल्या माणसाला सांगा. ते माणूस आता नसलं तरी सांगा, आणि कडू असलं तरी सगळं सांगा.