सतरा नंबरचा खटका

घड्याळकाकांच्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेली वस्तू तक्रार घेऊन परत आली, असं चाळीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. हे ते स्वतःच सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. त्यामुळे गुरुवारी दुपारी गेल्या आठवड्यातली बाई तोच काळा प्लास्टिकचा कॅमेरा घेऊन काउंटरपाशी उभी राहिली, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चालत नाही?"

"चालतो. झकास चालतो."

"मग?"

"तीच तर तक्रार आहे, काका."

काकांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. बाईच्या मागे चाळिशीचा एक उंच माणूस दोन्ही कानांवर हात ठेवून फरशीकडे बघत उभा होता. तो तिचा धाकटा भाऊ. कॅमेरा त्याचा. असे एकेचाळीस होते त्याच्याकडे, सगळे साधे, एकेकाळी घरोघरी सहलीला न्यायचे तसले. महागडा एकही नाही आणि फिल्म कुणातच नाही. हा सतरावा. रोज कचेरीला निघण्यापूर्वी तो याचा खटका दाबायचा, आवाज ऐकायचा आणि मग कुठे पायात चपला घालायचा. खटका दाबल्यावर आवाज यायला चांगला सेकंदभर लागे. बहिणीला वाटलं, बिचाऱ्याचा लाडका कॅमेरा बिघडलाय, वाढदिवसाला गुपचूप दुरुस्त करून देऊ.

"तो ऑटिस्टिक आहे आणि मी मूर्ख," ती म्हणाली. "जन्मभर ओळखते त्याला, तरी न विचारता वस्तू उचलली. चार दिवस धड जेवला नाहीये. आणि उद्या त्याची कचेरी नव्या इमारतीत जातेय. टेबल नवं, दिवे नवे, जिना नवा. जायचं म्हणतोय हो तो, पण याच्याशिवाय उंबरठा ओलांडणं व्हायचं नाही."

"म्हणजे मी माझ्या हाताने चांगला केलेला कॅमेरा बिघडवू?"

काकांचा आवाज असा चढला, जणू कुणी त्यांना नातवाच्या कानाखाली मारायला सांगितलं होतं.

"होता तसा करा," भाऊ फरशीला म्हणाला.

"होता कसा पण?"

"दाबल्यावर आधी काही होत नाही. मग वाटतं, आता होणारच नाही. मग होतं." तो जरा थांबला. "बाकी सगळं न सांगता वाजतं. हा आधी थांबतो."

नेमके तेव्हा चार वाजले. काकांच्या भिंतीवर चौदा घड्याळं होती आणि काकांची असल्यामुळे ती सगळी एकाच क्षणाला वाजली. भाऊ दचकून दाराला जाऊन भिडला आणि तिथेच गुडघ्यात डोकं घालून बसला. काका बघतच राहिले. या एकत्र पडणाऱ्या ठोक्यांचा त्यांना केवढा अभिमान! आज पहिल्यांदा त्यांना त्या ठोक्यांची लाज वाटली. ते स्टुलावर चढले आणि एकेक लंबक बोटाने थांबवत गेले. दुकान इतकं शांत झालं की त्यांना स्वतःच्याच श्वासाने कसंसं वाटायला लागलं.

मग कामाला सुरुवात झाली. खटका मंद व्हायचा तो आतल्या जुन्या, सुकलेल्या ग्रीसमुळे, आणि ते काकांनी मोठ्या निष्ठेने स्पिरिट लावून पुसून काढलेलं. त्यांनी नवं घट्ट ग्रीस लावलं. खटका दाबला तो दबलेलाच राहिला. ते पुसून शिलाई मशीनचं तेल सोडलं, तर तो पहिल्यापेक्षाही चपळ झाला. व्हॅसलीन लावलं.

"हा आजारी आहे," भाऊ डोळे मिटून म्हणाला.

डोक्याचं तेल लावलं.

"याला वास आहे."

तासभर हेच चाललं. चाळीस वर्षं बिघाड काढण्यात घालवलेल्या माणसाला एक साधा बिघाड घालता येईना! काका घामाघूम झाले.

"आधीची घाण कुठे आहे?" भावाने विचारलं.

काकांनी कपाळावर हात मारला. इतकी सोपी गोष्ट!

झालं होतं असं, की फार पूर्वी एकदा पुसायच्या फडक्याबरोबर मोहरीएवढा स्क्रू कचऱ्यात गेला होता आणि काका तीन दिवस रस्त्यावर गुडघे टेकून तो शोधत होते. तेव्हापासून प्रत्येक वस्तूतून निघालेली घाण ते महिनाभर बामच्या रिकाम्या डबीत जपून ठेवत, वर तारीख आणि नंबर घालून. काकू त्याला घाणीचं कपाट म्हणत आणि जावई येणार असला की त्यावर पडदा टाकत.

काकांनी कपाट उघडलं. भावाचे हात पहिल्यांदा कानांवरून पुरते खाली आले.

"तारखेप्रमाणे लावल्यात."

"मग! कशाही लावायच्या?"

"चिठ्ठ्या सगळ्या एकाच बाजूला आहेत."

"असायलाच हव्यात."

बहीण एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली आणि गुपचूप स्टुलावर बसली.

डबीत तिळाएवढा तपकिरी चिकट गोळा होता. काकांनी तो सुईच्या टोकाने जिथल्या तिथे बसवला, झाकण लावलं आणि कॅमेरा भावाच्या हातात दिला. त्याने खटका दाबला. काहीच झालं नाही. आता हेही फसलं, काकांना वाटलं.

खट्.

भावाने पुन्हा दाबला. पुन्हा. त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

"हा," तो म्हणाला.

बहिणीने पदराने डोळे पुसले. काकांनी रिवाजाप्रमाणे कॅमेऱ्याला चिठ्ठी बांधली. नंबर, तारीख, केलेलं काम. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून जड हाताने लिहिलं, 'पुन्हा बिघडवला.'

शुक्रवारी काकांचं कामात लक्ष नव्हतं. पोचला असेल का? फोन करायला तीनदा हात गेला आणि तीनदा मागे आला. संध्याकाळी सहाला पाच कमी असताना भाऊ एकटाच दारात उभा दिसला, तेव्हा काका या वयात ज्या चपळाईने स्टुलावर चढले ती पाहण्यासारखी होती. चौदावा लंबक सहाच्या आत थांबला.

"गेलास का रे? कशी आहे नवी कचेरी?"

"वाईट. दिवे गुणगुणतात. मी नऊ वेळा दाबला. सोमवारी परत जाणार आहे." त्याने चिठ्ठी काउंटरवर ठेवली. "ही चुकलीय. कचेरीत मी नोंदी तपासतो. चुकीची नोंद ठेवता येत नाही."

काकांनी चष्मा लावला. 'पुन्हा बिघडवला'वर पट्टी धरून लाल रेघ मारली होती आणि खाली जागा रिकामी सोडली होती.

"तुम्ही लिहायचं. काम तुमचं आहे."

काकांनी लिहिलं, 'दुरुस्त केला,' आणि खाली सही ठोकली. भावाने दोनदा वाचून चिठ्ठी खिशात ठेवली.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला आणि निघाला. दारातून कपाटाकडे बोट करत म्हणाला, "तिसऱ्या फळीवर एक डबी वाकडी आहे."

होती खरी. काकांनी ती सरळ केली.