न वाचता दिलेला नकार

मी एक साभार परतीचं पत्र बोलतोय. मान खाली घालूनच बोलतोय, समजून घ्या.

माझा जन्म एका प्रकाशकाच्या कचेरीत झाला. माझ्यासारखी शेकडो भावंडं एकाच दिवशी छापली गेली. सगळ्यांच्या अंगावर एकच मजकूर: 'आपली कादंबरी लक्षपूर्वक वाचली. मात्र पात्रे जिवंत वाटत नाहीत. क्षमस्व.' फक्त नावाची जागा कोरी. तेव्हा मला वाटायचं, आपण किती भारदस्त!

एके दुपारी कारकुनाने माझ्यावर एका परिचारिकेचं नाव लिहिलं. तिचं जाडजूड पुडकं नव्या पाकिटात सरकवलं, वर मला ठेवलं. पुडक्याची गाठसुद्धा कुणी सोडली नव्हती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण छापलेल्या शब्दांपलीकडे मला तोंड कुठे होतं?

रुग्णालयातल्या पाळ्या सांभाळून सात वर्षं तिने ती कादंबरी लिहिली होती. तिने दारातच मला वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

नवरा म्हणाला, "एकाने नाही म्हटलं म्हणून काय झालं? दुसरीकडे पाठव."

"नको. त्यांनी लक्ष देऊन वाचलंय. त्यांना कळतं त्यातलं."

पुडकं न उघडताच पलंगाखाली गेलं. मी तिच्या पर्समध्ये. मधूनच ती मला काढून वाचायची. दोन वर्षं तिने एक ओळ लिहिली नाही.

नवरा दारं-खिडक्या बनवायचा. एकदा जुनी मापं शोधायला माळ्यावर चढला आणि वरूनच ओरडला, "अगं, तुझी कादंबरी तर इथे आहे! मग पोस्टात काय टाकलं मी?"

तिने पलंगाखालचं पुडकं ओढलं, गाठ सोडली. आत चौकटींची आणि झडपांची मापं! दोन्ही पुडकी एकसारख्या तपकिरी कागदात होती; याने घाईत भलतंच उचललं होतं.

"माझंच चुकलं गं," तो ओशाळून म्हणाला.

ती मला हातात धरून हसत सुटली. "म्हणजे तुमच्या खिडक्या जिवंत वाटत नाहीत म्हणे!" हसता हसता रडली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

मग तिने कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवली. तिथल्या संपादिकेने अकरा पानं टिपणं धाडली: 'नायिकेची आई इतकी गप्प का?' ते वाचून ही दोन दिवस धुसफुसली, मग तीन प्रकरणं नव्याने लिहिली. करार आला तेव्हा एकेक कलम वाचलं, अनुवादाचे हक्क कुणाकडे राहणार ते न लाजता विचारलं. पुस्तक निघालं.

आता नवखे लेखक घरी आले की ती मला दाखवते. सगळे हसतात. हसू देत.

पण माझी भावंडं ज्या घरांत गेली, तिथल्या पुडक्यांत खरोखरच कादंबऱ्या होत्या. तिथे कुणाला काही कळायचा मार्गच नव्हता. तुमच्याकडे असं एखादं पुडकं पडलं असेल, तर बाहेर काढा. आमचं ऐकू नका. आम्ही आत डोकावलोच नव्हतो.