भाकरी सुमनबाईच्या हातची

मित्रांनो, मी लोखंडी तवा. जुना आहे, एका बाजूने काठ थोडा वाकलेला आहे आणि गेले वर्षभर रागात आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गोड बोलतात. छत्री रडते, पाटी उसासे टाकते. मला ते जमणार नाही. विस्तव लागून लागून माझी पाठ काळी झाली आहे, तशी जीभही झाली आहे.

माझा जन्म काष्टीच्या बाजारात झाला. एका घिसाड्याने पत्र्याच्या जाड तुकड्यावर घण घालून मला गोल केले. त्याची बायको भाता ओढत होती, आणि दोघांचे काहीतरी भांडण चालू होते. माझा काठ वाकला तो त्या भांडणात. माझा काही दोष नाही. शेजारी सरळ काठांचे सहा तवे होते. गिऱ्हाईक यायचे, मला उचलायचे आणि परत ठेवायचे. मग एक बाई आली. तिने बोटाच्या पेराने मला ठोकले, कान जवळ आणला आणि म्हणाली, "ह्यो बोलतोय चांगला. ह्योच द्या." ती सुमनबाई. गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती होती, तिथे ती आणि तिचा नवरा रखमाजी राहत. तिने अर्धा कांदा तेलात बुडवून दोन दिवस मला घासले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावर पहिली भाकरी टाकली. ती टम्म फुगली. मला वाटले, आता आपल्याला काही कमी नाही.

पुढे बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, शेतात काही उगवले नाही आणि सारा गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. वरच्या आळीचे शेतकरी आणि खालच्या वस्तीचे मजूर एकाच उन्हात बसले. मुकादमाने नावे पुकारली, तेव्हा सुमनबाईशेजारी जी बाई आली ती वरच्या आळीची राहीबाई. तिचा नवरा गोरक्ष दुसऱ्या टोळीत माती वाहत होता. घरी सासू होती, रंगुबाई. या म्हातारीचे नाव नीट ध्यानात ठेवा.

रेशनला तेव्हा मिलो मिळायचा, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापायला घ्यावी तर हातातच तिचे तुकडे व्हायचे. राहीबाई दुपारी फडके सोडायची तेव्हा आत नुसता चुरा असायचा. "सासू म्हनती, तुझ्या हाताला वळन न्हाई," असे म्हणून ती रडायची. सुमनबाई मात्र दुपारच्या सुट्टीत बाभळीखाली तीन दगड मांडून, टँकरचे पाणी घेऊन, माझ्यावर अख्ख्या, मऊ भाकऱ्या करत असे.

"अगं, ह्या पिठाला गार पानी चालत न्हाई," ती राहीबाईला म्हणाली. "उकळतं पानी वत, वाईच झाकून ठिव, मंग मळ. आन उद्या पीठच घिऊन ये. मी थापते, तू तवर माझी खडी फोड."

असा करार झाला. पहिल्या दिवशी राहीबाईने पीठ हातभर उंचावरून ओतले, सुमनबाईच्या परातीला बोट लागू नये म्हणून! मला इतका संताप आला की पहिली भाकरी मी मुद्दाम करपवली. पण भूक आणि मैत्री दोन्ही हट्टी असतात. आठ दिवसांत दोघी एकाच फडक्यावर जेवू लागल्या. सुमनबाई माझ्यावर लाल मिरच्या आणि लसणाच्या चार पाकळ्या भाजायची, मीठ टाकून तांब्याच्या बुडाने रगडायची, आणि त्या खरड्याशी भाकरी खाताना दोघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचे. असे हसणे मी त्याआधी ऐकले नव्हते आणि नंतरही नाही.

राहीबाईच्या घरी ना पाणी होते ना जळण. म्हणून घरच्यांच्या भाकऱ्याही माझ्यावरच होत. संध्याकाळी ती त्या फडक्यात बांधून न्यायची. एकदा ती सकाळी हसत आली.

"सुमन, काल सासूबाई काय म्हनल्या ठावं हाय का? म्हनल्या, राहीला आता भाकर जमाया लागली. साऱ्या आळीला सांगत्यात."

"मंग तू काय म्हनलीस?"

"काय म्हनू? गप बसले."

सुमनबाईही हसली, पण तिचा हात थांबला. "सांग की गं, कुनी थापल्या त्या. मला दुसरं काय नगं. एक डाव तेवढं सांग."

"सांगन," राहीबाई म्हणाली.

मित्रांनो, हे "सांगन" मी सहा महिने ऐकले. आज सांगन, उद्या सांगन, अवस झाली की सांगन. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे म्हणजे काय, ते त्या दिवसांत मला कळले. राहीबाई वाईट नव्हती, घाबरत होती. पण घाबरणाऱ्याच्या तोंडात घास अडकत नाही, शब्दच तेवढे अडकतात, याचा मला फार राग येई. सुमनबाई मात्र रोज विचारायची, "सांगितलंस का?" आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून पुन्हा पीठ मळायला घ्यायची.

चैत्रात मुरमाची दरड ढासळली. खालून पोखरलेल्या दरडीशी काम करू नका, असे सुमनबाईच आदल्या दिवशी ओरडून सांगत होती. कोणी ऐकले नाही, आणि ढिगाऱ्याखाली सापडून मेली तीच. त्या दुपारी बाभळीखाली मी रिकामा तापत राहिलो. पीठ भिजवून झाकलेले होते.

चार दिवसांनी रखमाजीने मला राहीबाईच्या हातात दिले. "तुमीच ठिवा ह्यो, बाई," तो म्हणाला. "आता माझ्या घरी थापनारं कोन हाय?"

तिने मला पदराखाली धरून घरी नेले. उंबऱ्यातच रंगुबाईने अडवले. "कुनाचा गं त्यो?"

"सुमनचा."

"आत आनू नगं. इटाळ हुईल चुलीला."

आणि राहीबाई गप्प बसली! मला गोठ्यात नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याच्या तोंडाशी लावून ठेवले, झाकण म्हणून. गरज सरो, वैद्य मरो. ज्या तव्यावरची भाकरी खाऊन ही म्हातारी दुष्काळातून जगली, त्याच तव्याचा तिच्या चुलीला विटाळ! शेजारच्या छबूबाईने तोडगा काढला, "इस्तवात घालून घ्या की, शुद्ध हुईल." अहो, मी जन्मभर बसलो कुठे होतो? विस्तवातच ना? मला शुद्ध करायला निघालेल्यांनी एक वेळ तरी माझ्या जागी बसून दाखवावे. सारा पावसाळा मी तिथे काढला. अंगावर तांबडा गंज चढला, वर कोंबड्यांनी काय काय केले ते सांगत नाही.

त्या वर्षी पीक आले. घरात नवी बाजरी आली. गोठा ओसरीला लागूनच आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई. एका सकाळी छबूबाई आली होती, गोरक्ष दोर वळत बसला होता, आणि म्हातारी रंगात येऊन सांगत होती, "दुस्काळात आमच्या राहीनं मिलोची भाकर केली, तशी साऱ्या गावात कुनाला जमली न्हाई. लोन्यावानी मऊ!"

"आमालाबी शिकव की गं, राहे," छबूबाई म्हणाली.

राहीबाई पुन्हा एकदा गप्प बसेल, याची मी वाट पाहत होतो. पण पावले वाजली. राहीबाई गोठ्यात आली, कोंबड्या फडफडल्या, तिने मला उचलले आणि आहे तसा, गंजलेला, घाणीने माखलेला, ओसरीवर त्या तिघांच्या मध्ये ठेवला.

"शिकवनारी मेली," ती म्हणाली. "त्या भाकरी ह्याच्यावर झाल्यात. सुमननं थापल्या. माझा हातसुदिक लागला न्हाई."

छबूबाईने पदर तोंडाला लावला. म्हातारी मात्र किंचाळली, "मला बाटवलीस?"

"सा म्हैने खाल्ल्या तुमी. एक दिस तरी पोटात दुकलं का? चांगली झाली म्हनून साऱ्या आळीला सांगत फिरलात. चव तिची हुती, आत्याबाई. मी चोरली. ती रोज म्हनायची, सांग. म्यां न्हाई सांगितलं." तिने माझ्या वाकलेल्या काठावर हात ठेवला. "आता ह्यो तवा चुलीवर जाईल, न्हाईतर मी त्या चुलीवर भाकर करनार न्हाई."

"मंग तुझी चूल येगळी कर."

"करते."

गोरक्षने मान वर केली नाही. दोर वळत राहिला.

राहीबाईने अंगणात तीन दगड मांडले. विटकरीच्या चुऱ्याने आणि राखेने मला दोन तास घासले. पीठ मळताना ती रडत होती, आणि मी, जो इतके दिवस तिच्यावर चिडलो होतो, तिच्यासाठी सावकाश तापलो. पहिली भाकरी भाजून झाल्यावर ती मोठ्याने म्हणाली, "सुमन, घे." मग स्वतः खाल्ली.

तिसऱ्या दिवशी गोरक्ष त्या चुलीपाशी येऊन बसला. तिने भाकरी हातात धरून विचारले, "कुनाच्या वळनाची हाय ही?"

"सुमनबाईच्या," तो खाली बघत म्हणाला. तिने दिली.

महिन्याभराने म्हातारी आली. तिला दात नाहीत, आणि स्वतःच्या हातची भाकरी तिला चावेना. "राहे, चतकोर दे."

"नाव घ्या, कुनाच्या वळनाची."

म्हातारीने तोंड फिरवले. राहीबाईने तरीही चतकोर दिली. मी तिच्या जागी असतो तर दिली नसती. तेव्हापासून म्हातारी रोज येते. नाव अजून घेतलेले नाही. परवा "तुझी ती" इथवर आली आणि तिथेच अडकली. भाकरी मात्र अडकत नाही.

मित्रांनो, तवा पावसात टाकू नका, राख लावून घासत जा, एवढे सांगून मला तुमचा निरोप घेता आला असता. पण गंजाचे काय, तो विटकरीने जातो. माणसाच्या हातचे खाऊन त्याचे नाव गिळायची खोड कशाने जाते? आज तुमच्या ताटात भाकरी आली असेल, तर ती कुणी थापली ते विचारा, आणि चारचौघांत सांगा. उद्यावर ढकलू नका. राहीबाईने सांगितले, साऱ्या आळीने ऐकले. जिला ते एकदाच ऐकायचे होते, ती मात्र तोवर गेली होती.