तिसरा मणी

मेंढीने मागचा पाय आपटला. थांबली, पुन्हा आपटला. मग मान वळवून शेपटीकडे तोंड नेलं आणि कळपापासून चार पावलं बाजूला जाऊन उभी राहिली.

व्हर्नाने पिकअप थांबवली, पण दार उघडलं नाही.

"आई, ती बघ," शेजारी बसलेली टेस म्हणाली.

"बघितली."

"मग उतरायचं ना?"

"उतरते गं. श्वास तर घेऊ दे."

आठ दिवस मार्चचा, इथल्या सरत्या उन्हाळ्याचा, कोमट पाऊस लागून राहिला होता आणि आज वारा पडला होता. गवत ओलं, लोकर ओली, आणि कुंपणाच्या तारेवर हिरवी माशी मण्यामण्याने बसलेली. असं झालं की या मुलखातली माणसं आभाळाकडे बघत नाहीत, मेंढ्यांच्या ढुंगणाकडे बघतात. ओल्या, घाण लागलेल्या लोकरीत माशी अंडी घालते. एका दिवसात अळ्या होतात, आणि त्या जित्या जनावराला खायला लागतात. मेंढी ओरडत नाही. पाय आपटते, एवढंच.

व्हर्नाची मेंढी अशी बाजूला उभी राहायला नको होती.

आसपासचे बरेच जण कोकराच्या मागची सुरकुतलेली कातडीच कापून टाकत. जखम भरली की तिथे लोकर उगवत नाही, लोकर नाही तर घाण नाही, घाण नाही तर माशी नाही. व्हर्नाने चौदा वर्षांपूर्वी ती सुरी खाली ठेवली. मागून सपाट, उघडाबोडका मेंढा शोधायचा, त्याच्या लेकींतून तशाच लेकी राखायच्या, आणि माशीने जिला धरलं तिची पिल्लं पुढे वाढवायची नाहीत, हा तिचा नेम. कापायची ती फक्त शेपटी. लोक हसले. शेजारचा क्लेम डगन तर म्हणाला होता, "व्हर्ना मेंढ्यांना टक्कल पाडतेय, पुढच्या वर्षी टोप्या विणायला बसेल." गेले दोन उन्हाळे कोरडे गेले, म्हणून कसोटी लागली नव्हती. आता लागली होती.

दुपारपर्यंत त्यांनी कळप आवारात आणला. क्लेमही आपला कुत्रा घेऊन आला; अशा वेळी तो न बोलावता येई. अरुंद बोळकांडीतून एकेक मेंढी पुढे सरकत होती. टेस कातरीने डागाळलेली लोकर उतरवी, खाली पांढरं वळवळताना दिसे, क्लेम औषध ओती. तो वास व्हर्नाला जन्मापासून ओळखीचा. आज मात्र तो तिच्या नावाने हाक मारत आल्यासारखा वाटत होता.

"नऊ," शेवटी टेस म्हणाली. "दोनशे दहात नऊ. सगळ्या गेल्या ऑगस्टची कोकरं."

"माझ्याकडे दोन," क्लेम म्हणाला. त्याने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं. "तुला टोचून बोलत नाही, व्हर्ना. पण माशीला तुझी वंशावळ वाचता येत नाही."

"टोचतोयस, आणि वर नाही म्हणतोयस."

"बरं, टोचतोय. कातडी कापून घे. आमचे आजे काही वेडे नव्हते."

टेसने कातर पुसली. आईकडे न बघता म्हणाली, "या ऑगस्टला कापणाऱ्याला बोलावू या, आई. मी त्याच्याशी बोलून ठेवलंय. आणि मेंढे बदलू. रोज सकाळी तुझा असा पांढरा चेहरा मला बघवत नाही."

"चौदा वर्षं, टेस."

"माहितेय. मीच वाढलेय त्यांच्याबरोबर."

वेगळ्या काढलेल्या त्या नऊ जणींपाशी जाऊन व्हर्ना वाकली. एकीच्या मागे बघितलं, दुसरीच्या, तिसरीच्या. कातडी सपाट होती, एक सुरकुती नाही, चौदा वर्षं मागितलं होतं तसंच. मग माशीला जागा कुठे सापडली?

तेव्हा तिने शेपट्या बघितल्या.

तिचा बाप शेपटीच्या मणक्यांना मणी म्हणे. "अंगठा खालून फिरव, उघड्या कातडीवरून. एक मणी, दोन मणी, तिसरा लागला की त्याच्या पुढे सुरी. शेपटी लाज झाकेल एवढी राहिलीच पाहिजे. तेवढी असली तर मेंढी ती उचलते आणि स्वच्छ राहते. बुडातून कापलीस तर बिचारी आयुष्यभर स्वतःच्याच मुतात भिजते."

या नऊ जणींना शेपटी नव्हतीच. बोटाच्या पेराएवढं थोटूक होतं. व्हर्ना धावत मोठ्या कळपाकडे गेली. तिथल्या कोरड्या मेंढ्यांच्या शेपट्या पुरेशा लांब होत्या, सगळ्या तीन मण्यांच्या.

कापल्या होत्या तिनेच. गेल्या ऑगस्टात, पहिलीपासून शेवटपर्यंत, एकटीने. कामाच्या दुसऱ्या दिवशी कडक थंडी होती, आणि अंगठ्याखाली मणी लागेनासे झाले होते. बोटं गारठली असतील म्हणून ती हात कोटात घालून बसली, पुन्हा उठली, आणि अंदाजाने कापत गेली. थंडी गेली, उन्हाळा आला, अंगठा परत आला नाही. चहाच्या कपाची ऊबही कळेना. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

आता गप्प राहणं सोपं होतं. दोष वंशावर जाईल, मेंढे जातील, कातडीवरची सुरी परत येईल, आणि तिच्या हाताचं गुपित तिच्यापाशीच राहील. भीती आधी माशीची होती. आता स्वतःच्या तोंडाची होती, ते उघडेल की नाही याची.

"टेस," ती म्हणाली. "वंशाचा दोष नाही. शेपट्या बघ. मी बुडातून कापल्यात."

"तू? तू कशाला बुडातून कापशील?"

"मणी लागत नाहीत मला."

टेसने कातर खाली ठेवली. मग तिने आईचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्यात आपलं नख जोरात रुतवलं.

"कळतंय?"

"दिसतंय," व्हर्ना म्हणाली.

क्लेमने टोपी काढून पुन्हा घातली. "माझ्या बापाने जन्मभर सगळ्याच बुडातून कापल्या," तो म्हणाला. "नीटनेटक्या दिसतात म्हणून. आणि त्याचा अंगठा धड होता."

तो आपल्या कुत्र्याला घेऊन गेला. कापणाऱ्या माणसाला नको म्हणून सांगायला टेस घरात गेली.

ऑगस्टात धुकं होतं. पाळण्यासारख्या चौकटीत कोकरू उताणं, दुखू नये म्हणून औषध लावलेलं. टेसच्या हातात गॅसवर तापलेली सुरी. सुरी धरायची तिची ही पहिलीच खेप. व्हर्नाचं काळीज टेसच्या मनगटात अडकलं होतं. अर्धं पेर इकडे गेलं तरी एका जिवाचा जन्मभराचा ओलावा. आणि माशी पुन्हा येणारच होती.

"आई, कुठे?"

व्हर्नाने तिचा अंगठा धरून शेपटीखाली ठेवला. "घाई नको. दाबू नकोस. नुसता सरकव."

"एक," टेस पुटपुटली. "दोन. हा उंचवटा, तिसरा?"

"मला नको विचारू."

टेसने डोळे मिटले. अंगठा सरकवला, मागे आणला, पुन्हा सरकवला. "हाच," ती म्हणाली आणि सुरी टेकवली. कोकरू खाली उतरलं, धडपडलं आणि आईला हाका मारत धुक्यात शिरलं. शेपटीने लाज झाकली होती.

व्हर्ना बाजूला झाली. हातांचं काय करावं ते तिला कळेना.

"आई, पुढचं दे," टेस म्हणाली.

व्हर्नाने वाकून कोकरू उचललं. बोटांना त्याची लोकर कळली नाही, म्हणून तिने ते छातीशी घट्ट धरलं. तिथे त्याचं काळीज धडधडत होतं, तिच्या काळजाइतकंच जोरात. जरा वेळ ती तशीच उभी राहिली, आणि मग त्याला पुढे दिलं.