गाडीच्या नाकावरचा पंजा

दादाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांच्या जुन्या जर्मन पोर्शेला रोज पुसत. यंदा त्यांची नजर पार गेली, म्हणून गाडी विकायचं ठरलं. सीताबर्डीचे त्र्यंबकराव, मोटारींचे मोठे जाणकार, आज तिसऱ्यांदा बघायला आले. एवढ्या फेऱ्या कशासाठी, हे मला सकाळपासून सलत होतं.

"इंजिन मूळचं नाही जी," ते म्हणाले. "कोणीतरी बदलवलं. आता हे नुसतं भंगार राहिलं."

दादाजींचा आवाज पडला. "असं कसं गा? उमरेडच्या रस्त्यावर तिचा आवाज ऐकायचा होता तुम्ही."

"आवाजाचं काय, ढोलही वाजते. घेऊन जातो मी, तुमची जागा तरी मोकळी होईल."

तेवढ्यात माझ्या कडेवरच्या सोनूनं वाकून गुळानं माखलेला पंजा गाडीच्या नाकावर टेकवला. मी पुसायला पदर पुढे केला.

"पदर नका लावू, बाई! पिन आहे त्याले, ओरखडा पडंल!" त्र्यंबकराव ओरडले.

त्यांनी स्वतःचा धुतलेला रुमाल काढला. त्यावर फुंकर घातली आणि तो डाग हलक्या हातानं टिपला. झोपलेल्या सोनूचं तोंड मी असंच पुसते.

दादाजींना यातलं काही दिसलं नव्हतं. मी त्यांना विचारलं, "दादाजी, भंगारावर ओरखडा पडला तर काय बिघडते जी?"

दादाजी हसले. चाचपडत त्यांनी किल्ली सोनूच्या चिकट मुठीत दिली.

"त्र्यंबकराव, चहा घेऊन जा. गाडी राहू द्या."